तम्मण्णाच्या तीन तबकड्या

तम्मण्णाच्या सदऱ्याची बटणं लावायचं काम दुर्गाबाईकडे आलं त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. तव्यावर भाकरी टाकायची, तिला पाणी लावायचं आणि ती सुटेपर्यंत नवऱ्यापुढं उकिडवं बसून खालून वर बटणं लावत जायची. त्याचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत असे. बाहीत घालताना तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा उचलून घालावा लागे.

"वरचं नको लावू गं. गळा आवळल्यागत होतंय," तो रोज म्हणायचा.

"थंडी काय कमी हाय व्हय?" असं म्हणून ती रोज वरचं लावून टाकायची.

शेहेचाळीस सालची संक्रांत चार दिवसांवर आली होती. शहापुरातल्या त्या विणकर गल्लीत उजाडताच पाजणी सुरू झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचे ताणे लावलेले आणि बाया-माणसं कुंचे घेऊन खळ सारवत पुढं-मागं करत होती. अशा वेळी गल्लीतून चालायचं म्हणजे वाकून, ताण्याखालून. त्यामुळं दारावर थाप पडली तेव्हा दुर्गाबाईला वाटलं शेजारची राजाबाईच असणार, कुंचा मागायला आली असेल.

दारात कोटटोपीतला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. एका हातात काळी चौकोनी पेटी. कोटाच्या खांद्यावर ओली खळ लागलेली. त्याच्या मागं राजाबाई होतीच, पण ती नुसती बघायला.

"पियानोवाले तम्मण्णा इथंच राहतात ना?" त्यानं विचारलं.

आख्ख्या गल्लीत तम्मण्णाला या नावानं आजवर कुणी विचारलं नव्हतं. 'वाजपी' म्हणत, 'साहेबाचा बँडवाला' म्हणत, आणि हल्ली तर नुसतं 'ते आजारी' म्हणत.

"हितंच. या की," आतून तम्मण्णाच ओरडला.

पाहुणा मुंबईहून आला होता, तबकड्यांच्या कंपनीतून. घोंगडीवर बसता बसता त्यानं सांगून टाकलं. लढाई संपली होती, तबकड्यांना लागणारी लाख पुन्हा मिळू लागली होती, कंपनीला नवं काहीतरी काढायचं होतं. जुनी कागदपत्रं चाळताना तम्मण्णाच्या आल्बमचं नाव सापडलं. तीन तबकड्या, सहा बाजू, सहा गाणी, सगळी स्वतःची बांधलेली. मूळ तांब्याचे साचे लढाईत वितळवले गेले ते गेलेच. पण नमुन्याचा एक संच तम्मण्णाच्या पत्त्यावर पाठवल्याची नोंद होती.

"तो तुमच्याकडे असेल तर त्याच्यावरून नवा साचा काढता येतो. आवाज थोडा उतरतो, पण येतो. म्हणून या पेटीत फोनोही सोबतच घेऊन आलोय. ऐकून बघतो आणि घेऊन जातो."

 तम्मण्णा चुलीकडं तोंड करून म्हणाला, "दुर्गे, ऐकलंस काय? ट्रंक काढ."

दुर्गाबाईनं भाकरी उलटली नव्हती. करपल्याचा वास सुटला तेव्हा तिनं ती उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि बाजूला टाकले. "काढते की. आधी पाहुण्यास्नी चहा तर होऊ दे," ती म्हणाली.

*

चहाचं आधण उकळेपर्यंत तम्मण्णानं पाहुण्याला सगळं सांगितलं. दुर्गाबाई चुलीपुढून ऐकत होती. कित्येक महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता.

तम्मण्णाचा बाप विणकर, आजा विणकर. घरात खड्ड्याचा माग. पोरगा आठव्या वर्षी सुताच्या कांड्या भरायला बसला, पंधराव्या वर्षी मागावर. हाताला चांगला होता, पण त्याचं अर्धं लक्ष देवळातल्या भजनात. तिथली पेटी तो कुणी न शिकवता वाजवू लागला होता. बाविसाव्या वर्षी व्यापाऱ्यानं त्याला टेबलावरच्या चादरी घेऊन कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात पाठवलं. तिथं रिकाम्या दिवाणखान्यात मिंगेल मास्तर नावाचा गोव्याचा बँडमास्तर डोक्याला हात लावून बसला होता, कारण त्याचा पियानोवाला मुंबईला मुक्या सिनेमापुढं वाजवायला पळून गेला होता.

"मी चादरी ठेवल्या आन् त्या पियानोच्या एका पट्टीवर बोट ठेवलं," तम्मण्णा सांगत होता. "साहेब, पेटीचा सूर भात्याच्या वाऱ्यावर जगतोय. ह्येचा सूर ठोका पडला की जन्मतोय आन् लगेच मरायला लागतोय. मागाच्या ठोक्यागत. मला वाटलं, ही आपलीच वस्तू हाय."

मास्तरनं त्याला ठेवून घेतलं. दिवसा माग आणि शनिवारी क्लब. काळा कोट तो गाठोड्यात बांधून न्यायचा आणि कॅम्पाच्या हद्दीवर वडाखाली अंगात चढवायचा, म्हणजे गल्लीला कळू नये. गल्लीला पहिल्याच आठवड्यात कळलं. "काय तम्मण्णा, मडमा नाचवतोस म्हणं! आमच्या म्हशी तेवढ्या नाचव, दूध तरी वाढंल," असं कट्ट्यावरून कुणीतरी रोज ओरडायचं. भजनात त्यानं एकदा अभंगाच्या मधेच दोन परके सूर घातले, तर बुवांनी टाळ थांबवून विचारलं, "पेटी तोतरी झाली काय रं?" त्यानंतर भजनाला त्याला बोलावणं आलं नाही.

जाझ म्हणून जे काही असतं ते मास्तरनं त्याला तबकड्यांवरून ऐकवलं. तम्मण्णा ते बिनचूक वाजवायचा, पण दोन-तीन वर्षांत त्याला त्याचा कंटाळा आला. त्याच्या डाव्या हातात माग शिरला. पावडी दाबली, धोटा गेला, फणी आपटली, धागा तुटला, थांबला, जोडला, पुन्हा सुरू. चाराच्या ठेक्यात हे बसेना. कधी सात, कधी साडेपाच, मधेच एक मात्रा गायब. उजवा हात त्याच्यावर लंगडत, पळत, अडखळत जायचा आणि साहेब-मडमा नाचता नाचता एकमेकांच्या पायावर पाय द्यायचे.

"मास्तर म्हणायचे, 'तम्मण्णा, ह्याच्यावर नाचायला तीन पायांचा माणूस आणावा लागेल!'" तम्मण्णा हसला. पाहुणाही हसला. "पर शेवटचे लोक गेले की तेच म्हणायचे, वाजव, आता तुझं वाजव."

या गाण्यांचं कागदावर काही नव्हतं. मास्तरनं एकदा लिहून काढायचा प्रयत्न केला आणि पेन्सिल टाकून दिली, कारण आज वाजवलेलं उद्या तसंच येत नव्हतं. गल्लीत ऐकणारी एकच, दुर्गाबाई. ती कांड्या भरत बसलेली असताना तम्मण्णा मागाच्या लाकडावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवायचा. सूर नसायचे, नुसते ठोके, पण तिला ओळखू यायचं. 'सांधणी' नावाचं एक होतं. जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा धागा वळून जोडतात, हजार-हजार धागे, तशी त्यात बोटं एकमेकांत गुंतत जायची. ते तिचं आवडतं. "संपल्यावर लई मोकळं वाटतंय बघा," ती एकदा म्हणाली होती. तो म्हणाला होता, "मास्तरला एवढं कळलं असतं तर!"

एक्केचाळीस साली क्लबातल्या एका कप्तानानं कंपनीला पत्र लिहिलं आणि कंपनीनं बोलावलं. पुण्याला गाडी बदलून तम्मण्णा आणि मिंगेल मास्तर मुंबईला गेले. भिंतींना कांबळी लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून, दोन दिवस त्यांनी वाजवलं. पियानो, मास्तरची क्लॅरिनेट आणि कंपनीचा एक ढोलवाला. लाल दिवा लागला की सुरू करायचं आणि तीन मिनिटांत संपवायचं.

"तीन मिन्टांत!" तम्मण्णा म्हणाला. "आयुष्यभर मला शेवट करता येत न्हवता. तिथं आला."

मग मास्तर फौजेच्या बँडबरोबर ब्रह्मदेशाकडं गेला. त्याचं पुढं काहीच कळलं नाही.

*

दुर्गाबाई चहा मुद्दाम सावकाश गाळत होती, आणि त्याचं कारण फक्त तिलाच ठाऊक होतं.

बेचाळीसचा चैत्र होता. कॅम्प गोऱ्या फौजेनं भरून गेला होता, क्लबात रोजच गाणंबजावणं, म्हणून तम्मण्णा आठ दिवस तिकडंच मुक्कामाला होता. जाताना सांगून गेला होता, "मुंबईचं पार्सल येईल. जिवापाड जप." पार्सल आलं, पण स्टेशनावर तीन दिवस उन्हात पडून आलेलं. हमालानं ते ओट्यावर आपटलं. आत पुठ्ठ्याचा जाडजूड आल्बम, त्याच्या खिशांत तीन काळ्या तबकड्या, मधोमध लाल कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरात नवऱ्याचं नाव. आणि तिन्ही तबकड्या पापडासारख्या वाकलेल्या.

दुर्गाबाईनं तोवर तबकडी हातात घेतलीच नव्हती. हाटेलातून येणारं फोनोचं गाणं तिनं रस्त्यानं जाताना ऐकलं होतं, पण ते त्या भोंग्यात कुठून येतं ते कोण सांगणार? तिला एवढंच दिसलं, की नवऱ्याचा माल आलाय, वाकडा झालाय, आणि तो येईपर्यंत सरळ करून ठेवला पाहिजे. वाकडं, चुरगळलेलं सरळ कसं करायचं हे तिच्या सात पिढ्यांना माहीत होतं. मागावरून उतरलेलं लुगडं ती ज्या हातानं नीट करायची, त्याच हातानं तिनं तबकडी पाटावर ठेवली. पातळ कांजीत फडकं भिजवून पिळलं, वर अंथरलं, कोळशाची इस्त्री फिरवली. अलगद, घाई न करता. मधल्या कागदापर्यंत मात्र तिनं इस्त्री नेली नाही, नवऱ्याचं नाव करपेल म्हणून. एक बाजू झाली की दुसरी. मग तिन्ही पाट्याखाली दाबून ठेवल्या.

सकाळी काढल्या तेव्हा तबकड्या सपाट, आरशासारख्या चकचकीत. आपल्या कामावर ती इतकी खूश झाली की राजाबाईला दाखवायला नेणार होती.

तेवढ्यात टांगा दारात थांबला. क्लबातल्या दोन बटलरांनी तम्मण्णाला धरून उतरवलं. वाजवता वाजवता अर्धांगाचा झटका येऊन पियानोवरच झुकला म्हणे. तोंड सरळ झालं, बोलणं परतलं, पण उजवा हात आला नाही. पुढच्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं, की लढाईमुळं लाख मिळत नाही, आल्बम निघणार नाही.

"हैत न्हवं तबकड्या?" त्यानं अंथरुणातून विचारलं.

"हैत. ट्रंकेत ठेवल्यात."

"मग ऱ्हाऊ देत."

त्यानं त्या बाहेर काढून मागितल्या नाहीत. "हात गेल्यावर हाताचा आवाज ऐकायचा व्हय? जरा बरा झालो की बघू," म्हणायचा. आणि दुर्गाबाई मागावर बसली. बाईमाणूस मागावर बसली म्हणून गल्लीत कुजबूज झाली, तीही विरली.

पुढच्या वर्षी वडगावात भाचीच्या लग्नात फोनो आणलेला. फोनोवाला गर्दीवर खेकसत होता, "हात लावू नका! त्या रेघांतच गाणं असतंय! रेघ गेली की गाणं गेलं!"

त्या दिवशी दुर्गाबाई न जेवता घरी आली. ट्रंक उघडली. बोट फिरवलं. तबकडी बांगडीसारखी गुळगुळीत होती.

तेव्हापासून जवळजवळ तीन वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी, तो मधेच विचारायचा, "नीट हैत न्हवं?" आणि ती मागावरून मान न वळवता म्हणायची, "नीट हैत." दुसरं काय म्हणणार होती? त्याच्याकडं हात नव्हता, मास्तर नव्हता, क्लबाचा उंबरा आता त्याला कोण ओलांडू देणार? होतं ते ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेत काही नव्हतं.

*

पाहुण्यानं फोनोची पेटी उघडली, किल्ली दिली, नवी सुई बसवली. दुर्गाबाईनं ट्रंक पुढं आणली. उघडताना ती म्हणाली, "न्हाय लागल्या तर... लई वर्सं झाली, साहेब."

"तबकडी काय शिळी होते होय, वहिनी?" पाहुणा हसून म्हणाला आणि त्यानं पहिली तबकडी लावली. तिरप्या उजेडात ती बघताच त्याचं हसू गेलं. तरी त्यानं सुई ठेवली.

खरखर. पाऊसही नाही, वाराही नाही, नुसती खरखर. सुई घसरत घसरत आत गेली. तम्मण्णा मान पुढं काढून बसला होता, डोळे मिटून.

"येईल," तो म्हणाला. "सुरवातीला जरा बारीक हाय ते."

सुई मधल्या लाल कागदाजवळ पोचली, जिथं इस्त्री पोचली नव्हती, आणि एकदम पियानो वाजला. सात-आठ सूर. डाव्या हाताचे दोन ठोके, क्लॅरिनेटचा एक लांब श्वास. संपलं.

 पाहुण्यानं तबकडी उलटी केली. तीच खरखर आणि मग तसाच एक तुकडा. दुसरी तबकडी. तिसरी. प्रत्येक बाजूला शेवटचे चार-पाच सेकंद. सहा गाण्यांचे सहा शेवट. शेवटून दुसरं 'सांधणी' होतं. दुर्गाबाईनं ठोक्यावरून ओळखलं. त्याचे सूर तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि ते ऐकू येईपर्यंत संपलेही.

तम्मण्णाचा डावा हात मांडीवर हलत होता. सगळं थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहिला.

"द्या हिकडं," तो म्हणाला.

पाहुण्यानं तबकडी दिली. तम्मण्णानं ती मांडीवर ठेवली आणि अंगठा फिरवला. काठाशी थोडा पांढुरका थर होता. तो त्यानं नखानं खरवडला, बोटांत चोळला, जिभेला लावला.

"कांजी," तो म्हणाला.

त्यानं दुर्गाबाईकडं बघितलं नाही. ती ट्रंकेला धरून उभी होती.

"म्या केलं," ती म्हणाली. "वाकल्या हुत्या. सरळ कराव्या म्हटलं. तुमी यायच्या आत."

"कवा?"

"तुमाला टांग्यानं आणलं त्याच्या आदल्या दिवशी."

"आन् मला म्हणत आलीस, नीट हैत."

"व्हय."

तिला वाटलं आता तो ओरडेल. ओरडावं असंही वाटलं. तो ओरडला नाही. ज्या हातानं ती सगळी गाणी वाजवली होती तो उजवा हात उचलून त्यानं डाव्या हातानं तबकडीवर ठेवला. तिथं तो तसाच पडून राहिला.

"मिंगेल मास्तरांकडं काही लिहिलेलं?" पाहुण्यानं हळूच विचारलं.

"मास्तर न्हाईत."

"तुम्हाला आठवून, डाव्या हातानं, थोडंफार..."

"साहेब," तम्मण्णा म्हणाला, "शेवट तेवढे हैत. शेवटाला मागं चालवत नेऊन सुरवात सापडती व्हय? सकाळपर्यंत मला सगळं आठवत हुतं. आता हे शेवट ऐकले, तर नुसते तेच वाजायला लागलेत डोक्यात. बाकीचं सरकलं."

पाहुण्यानं सुई काढली, पेटी मिटली. पेटीची कडी लावता लावता तो बोलला, की कंपनी जुन्या तबकड्या लाखेसाठी गोळा करते. पण या ठेवून घ्या, आठवण म्हणून.

"वितळवून काय करतात?"

"नव्या बनवतात. कुणाच्या तरी."

"मग न्या."

"अहो, नको," दुर्गाबाई म्हणाली. "तुमचं नाव हाय त्याच्यावर."

"नावच हाय," तम्मण्णा म्हणाला. "न्या साहेब."

पाहुणा नाइलाजानं उठला. आल्बम ट्रंकेतल्या ओलीनं फुगलेला, त्यात तबकड्या नीट बसेनात, तेव्हा त्यानं त्या तशाच उघड्या काखेत घेतल्या. उघड्या दारातून गल्ली दिसत होती. पन्नासेक बाया-माणसं ताण्याला खळ लावत उभी होती, आणि त्यातली एकेक बाई कांजीचा डाग आणि इस्त्रीचा चटका दहा हातांवरून ओळखणारी. राजाबाई सगळ्यात पुढं उभी होती, काय झालं ते कळावं म्हणून.

तम्मण्णानं पाहुण्याला हाक मारली. खुंटीवरची आपली चादर डाव्या हातानं ओढून काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"एवढं करा साहेब. गल्लीतनं जाताना तबकड्या झाकून न्या."